जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि शाळेची बाग

भुईमुगापासून शेंकडों वस्तु तयार करणारे शास्त्रज्ञ म्हणून डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें नांव बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें. श्रीमती वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' हें चरित्र १९८१ सालीं निघाल्यापासून तर तें मराठी घरांत सर्वपरिचित झालें. परंतु त्या भुईमुगाच्या कीर्तीखालीं त्यांचें एक काम झांकून गेलें आहे, आणि आम्हां शिक्षकांस तेंच अधिक जवळचें वाटतें. भुकेल्या मुलाच्या ताटांत भाजी कशी पडेल याची चिंता या पुरुषानें शेचाळीस वर्षें वाहिली.

अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत डायमंड गांवाजवळ मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याच्या घरीं मेरी नांवाची एक गुलाम स्त्री होती. जॉर्ज हा तिचा मुलगा. त्याचा जन्म १८६४ सालच्या सुमारास झाला. गुलामाच्या जन्मतिथीची नोंद ठेवणार कोण? तो तान्हा असतांनाच दरोडेखोरांनीं मायलेंकरांस पळवून नेलें. मोझेसनें एक घोडा देऊन मूल परत मिळविलें. आईचा मात्र पुढें कधींच पत्ता लागला नाहीं. मूल अतिशय अशक्त होतें. शेतांतील कष्ट त्याला झेपत ना, म्हणून मोझेसची पत्नी सुसान हिनें त्याला घरांतच ठेवून स्वयंपाक, धुणें, शिवण आणि परसांतील भाजीपाला पाहणें हीं कामें शिकविलीं. जवळच्या झुडुपांत त्यानें आपली स्वतःची एक लपविलेली बाग केली होती, आणि शेजारीपाजारी आपलीं सुकत चाललेलीं रोपें त्याच्याकडे दाखविण्यास आणीत. पुढच्या सर्व चरित्राचें बीं या परसांतच पडलें असें आम्हांस वाटतें.

विद्येसाठीं त्यांनीं जी वणवण केली ती सविस्तर सांगण्यास येथें जागा नाहीं. लोकांचे कपडे धुऊन ते शिकले. एका कॉलेजानें पत्रानें प्रवेश दिला आणि दारांत आलेला तरुण कृष्णवर्णीय आहे असें पाहतांच तो नाकारिला. अखेर आयोवा प्रांतांतील कृषिमहाविद्यालयांतून १८९४ सालीं ते पदवीधर झाले व १८९६ सालीं त्यांनीं पुढील पदवी घेतली. त्याच वर्षीं बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामा प्रांतांतील टस्कीगी येथील संस्थेंत आले.

तेथें त्यांनीं काय पाहिलें? कापूस, आणि कापूसच. कापसाच्या ओळी कुळांच्या झोंपड्यांच्या उंबऱ्याला येऊन भिडलेल्या. कापूस विकला म्हणजे पैसा मिळे, पण तो बहुतेक सावकार आणि जमीनदार यांच्याकडेच जाई. घरांत मुलांना मिळे तें डुकराचें चरबट मांस, मक्याचें पीठ आणि काकवी. बाराही महिने तेंच. अशा आहारावर वाढणाऱ्या लोकांत पुढें पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग बळावला. कातडी सोलवटून निघे, हगवण लागे, शेवटीं बुद्धीहि भ्रमे. हा रोग निकृष्ट आहारानें होतो हें डॉ. गोल्डबर्गर यांनीं १९१४ नंतर सिद्ध केलें. परंतु कार्व्हर त्यापूर्वींच चवळी, रताळीं, भुईमूग आणि पालेभाजी लावा म्हणून गांवोगांव सांगत फिरत होते. चवळी व भुईमूग यांच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्रवायु धरून ठेवितात. कापसानें खंगलेली जमीन त्यामुळें सुधारते, आणि पीक मुलांच्या पोटांतहि जातें.

पण ज्याला स्वतःची वीतभर जमीन नाहीं त्यानें भाजी लावावी कोठें? जमीनदाराला तर दारापर्यंत कापूसच हवा. शाळेचें आवार ही अशा गांवांत गरिबांच्या मुलांना हात लावतां येईल अशी एकुलती एक जमीन असते. कार्व्हर शाळेकडे वळले त्याचें एक कारण आमच्या मतें हेंच असावें. १९१० सालीं त्यांनीं खेड्यांतील शाळांकरितां निसर्गाभ्यास आणि बागकाम यांवर एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. टस्कीगीहून शिकून गेलेले शिक्षक व शिक्षिका आसपासच्या दरिद्री शाळांतून काम करीत. त्यांच्या हातीं देण्यासारखी ती होती. पहिल्या तासाला पोट रिकामें म्हणून बांकावर डोकें टेकणारें मूल ज्या शिक्षकानें पाहिलें आहे, त्याला अशा पुस्तिकेची किंमत वेगळी सांगावी लागत नाहीं. घरीं मुळ्याला नाक मुरडणारीं मुलें स्वतःच्या वाफ्यांतला मुळा मातीसकट खावयास निघतात, हें आम्हींहि पाहिलें आहे.

जे शाळेंत येत नसत त्यांच्याकडे शाळाच नेण्याची युक्ति १९०६ सालीं निघाली. मॉरिस जेसप या गृहस्थाच्या देणगींतून एक गाडी बांधली. तींत नांगर, बीं-बियाणें, लोणी काढण्याचें यंत्र असें सामान भरून ती शेतकऱ्यांच्या दारीं जाऊं लागली. पीक आलें तरी तें शिजवावें कसें हा प्रश्न उरेच. म्हणून १९१६ सालीं कार्व्हर यांनीं भुईमुगाचे एकशें पांच पदार्थ सांगणारी पुस्तिका लिहिली. शेंगदाण्याचें लोणी त्यांनींच शोधून काढिलें ही समजूत मात्र खरी नव्हे, आणि त्यांच्या पुष्कळ कृति बाजारांत चालल्याहि नाहींत. त्यानें त्यांची थोरवी उणी होत नाहीं. गरीब माउलीनें आपल्या चुलीवर काय करावें हें सांगण्यासाठींच त्या पुस्तिका होत्या. चार्ल्स अँड्रूज यांच्या ओळखीनें १९२९ सालीं आहाराविषयीं गांधीजींशींहि त्यांचा पत्रव्यवहार झाला.

महायुद्धाच्या दिवसांत, १९४२ सालीं, वृद्ध कार्व्हरांनीं आणखी एक पुस्तिका काढिली. ती बागेविषयीं नव्हती. न लावतां बांधावर उगवणाऱ्या, तण म्हणून उपटून टाकिल्या जाणाऱ्या खाण्याजोग्या रानभाज्यांविषयीं होती. तींत आपला चाकवतहि आहे. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, ५ जानेवारी १९४३ रोजीं, ते टस्कीगी येथें निवर्तले. लग्न त्यांनीं केलेंच नव्हतें. साठविलेली मिळकत त्यांनीं संशोधनासाठीं संस्थेलाच दिली होती. संस्थेच्या आवारांतच, बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीं, त्यांस मूठमाती देण्यांत आली.