पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२, केडगाव) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक व ख्रिस्ती सेविका होत्या. दुष्काळातील भ्रमंतीत त्यांचे आई-वडील निवर्तले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, तर १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. पदरी मनोरमा ही एकुलती कन्या उरली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला व १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन स्थापन केले.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थना-शिबिरात ख्रिस्ती झालेल्या १५ मुली त्यांच्यासोबत होत्या. या आध्यात्मिक लेकींची संख्या २२५ व्हावी, असे मागणे त्यांनी देवाजवळ मागितले. इतक्या मुलींच्या पोषणाची तरतूद नव्हती. देवाला काहीच अशक्य नाही, या बायबलमधील वचनावर त्यांची भिस्त होती. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाईंनी तेथून शेकडो निराधार मुली आणल्या. सदनाच्या उत्पन्नासाठी फळबाग लावलेल्या केडगावच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभे राहिले आणि वर्षभरात ते मागणे पूर्ण झाले.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. त्यानंतरही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तडीस नेले. मृत्यूसमयी त्यांचे रक्ताचे अपत्य हयात नव्हते. मुक्ती मिशनचे कुटुंब मात्र मागे राहिले.