हजाराच्या आतील सह्या : ईश्वरचंद्र विद्यासागर

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळावी, असा अर्ज ऑक्टोबर १८५५ मध्ये कलकत्त्याहून सरकारकडे गेला. त्यावर एक हजाराच्या आतच सह्या होत्या. राजा राधाकांत देव यांच्या पुढाकाराने गेलेल्या विरोधी अर्जावर मात्र तीस हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तरीही २६ जुलै १८५६ रोजी विधवाविवाहाचा कायदा संमत झाला. त्या अल्पसंख्य पक्षाचे नेतृत्व पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्याकडे होते.

२६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधील बीरसिंह या खेड्यात एका गरीब ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात ते शिकले आणि १८५१ मध्ये त्याच संस्थेचे प्राचार्य झाले. बालविवाहामुळे कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या मुलींची उपासतापासात आणि अवहेलनेत होणारी होरपळ त्यांनी जवळून पाहिली होती. केवळ करुणेच्या आवाहनाने समाज हलणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते.

म्हणून बहुसंख्यांना जे प्रमाण मान्य होते, त्याचाच त्यांनी आधार घेतला. कलियुगासाठी सांगितलेल्या पराशरस्मृतीत विशिष्ट आपत्तींत स्त्रीला दुसऱ्या पतीची मुभा आहे आणि पतीचा मृत्यू ही त्यांपैकी एक आहे, असे प्रतिपादन त्यांनी १८५५ मध्ये पुस्तिकेद्वारे केले. आक्षेपांचा पाऊस पडला, तेव्हा त्याच वर्षी दुसरे पुस्तक लिहून त्यांनी एकेका आक्षेपाला उत्तर दिले. धर्म बुडवणारा म्हणून त्यांची हेटाळणी झाली, धमक्याही आल्या. दुसरीकडे शांतिपूरच्या विणकरांनी त्यांना दीर्घायुष्य चिंतणारे गीत साड्यांच्या काठांवर विणले. वाद पंडितांच्या सभेतून घराघरांत पोहोचला होता.

७ डिसेंबर १८५६ रोजी कलकत्त्यात श्रीशचंद्र विद्यारत्न आणि बालविधवा कालीमती यांचा विवाह पोलीस बंदोबस्तात पार पडला. कायदा झाला असला तरी समाजमन वळले नव्हते. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क सोडावा लागे, आणि बहिष्काराची भीती त्याहून मोठी होती. अनेक विवाहांचा खर्च विद्यासागरांनी स्वतः उचलला व ते कर्जबाजारी झाले. मदतीचे वचन देणारे अनेक जण मागे हटले. १८७० मध्ये त्यांचा मुलगा नारायणचंद्र याने आप्तांचा विरोध असताना एका विधवेशी विवाह केला, तेव्हा विद्यासागर त्याच्या पाठीशी उभे राहिले. जे दुसऱ्यांना सांगितले, ते त्यांनी स्वतःच्या घरातही मानले.

या चळवळीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. विष्णुशास्त्री पंडित यांनी विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला आणि पुनर्विवाहाची चळवळ उभी केली. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या उपस्थितीत झालेल्या शास्त्रार्थाचा निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. तरीही त्यांनी माघार घेतली नाही. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री स्वतः एका विधवेशी विवाहबद्ध झाले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी हाच मार्ग धरला, तेव्हा कोकणातील मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

विद्यासागरांच्या अखेरच्या काळातील बरीच वर्षे आजच्या झारखंडमधील कर्माटाड येथे, संथाळांना औषधोपचार करण्यात गेली. २९ जुलै १८९१ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले, तेव्हाही बहुसंख्य समाज त्यांच्या मताचा झालेला नव्हता. परंतु जो प्रश्न पूर्वी उच्चारणेही पाप मानले जाई, त्यावर प्रत्येक पक्षाला आपली बाजू मांडणे भाग पडले होते. हजाराच्या आतील सह्यांचे खरे यश कायद्याइतकेच या बदलात होते. पुढच्या पिढ्यांना वादाची सुरुवात नव्याने करावी लागली नाही.