गाय तीच, वासरू वेगळे : मणिभाई देसाई यांनी संकर गोठ्यापर्यंत कसा नेला?

परभणी : माजावर आलेली लाल कंधारी गाय कशाने भरवायची, होल्स्टीनच्या रेताने की कंधारीच्याच? परभणी जिल्ह्यातील पशुपालकाला हा निर्णय आज घरच्या गोठ्यात घेता येतो. ही सोय दारापर्यंत नेणाऱ्यांत मोठे नाव मणिभाई देसाई यांचे.

कोण होते मणिभाई?

जन्म २७ एप्रिल १९२०, सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचा. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत उतरले, पुढे गांधीजींकडे गेले. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले. ते सांभाळायला मणिभाई थांबले, ते कायमचेच.

आश्रमात त्यांनी आधी गीर गायींची निवडक पैदास केली. पण जातिवंत गाय विकत घेणे लहान शेतकऱ्याला परवडत नव्हते. त्याच्याकडे दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणारी गावठी गाय होती. मणिभाईंनी गाय तीच ठेवून तिचे वासरू बदलायचे ठरवले.

काम कसे चालले?

१९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' संस्था उभी केली.  जर्सी आणि होल्स्टीन वळूंचे रेत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे आणि तंत्रज्ञाने ते थेट गोठ्यात न्यायचे, अशी ही पद्धत. १९६८ मध्ये पद्मश्री, १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

संकराने काय बदलते?

वासराला आईकडून ऊन आणि गोचीड सोसण्याची ताकद मिळते, बापाकडून दूध आणि वाढीचा वेग. गावठी कालवड साधारण चौथ्या वर्षी विते, संकरित अडीच-तीन वर्षांत. हा जोम पहिल्या पिढीत सर्वाधिक असतो. संकरितालाच संकरित लावले की तो निम्म्यावर येतो. विदेशी रक्त वाढवत नेले तर उन्हाचा त्रास, आजार आणि चाऱ्याचा खर्च वाढतो. म्हणून ते ५० ते ६२.५ टक्क्यांपर्यंत ठेवण्याची शिफारस केली जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही होल्स्टीन आणि देवणी यांच्या संकरातून 'होलदेव' गाय तयार केली.

अडचण कुठे?

गोऱ्ह्यात. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखेच, त्यामुळे जू नीट टिकत नाही आणि उन्हात तो लवकर दमतो. परदेशात असा गोऱ्हा मांसासाठी वाढवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे. त्यामुळे त्याला ना काम, ना गिऱ्हाईक. चारा मात्र रोज लागतो. उलट लाल कंधारी आणि देवणीचा गोऱ्हा औताला चालतो, बाजारात विकलाही जातो.

मग काय करावे?

बारमाही हिरवा चारा, पाणी, सावली आणि जवळ दूध संकलन केंद्र असेल, तर संकर परवडतो. कोरडवाहू शेती बैलांवर असेल, तर जातिवंत कंधारी किंवा देवणीचेच रेत मागावे. मणिभाईंनी संकरासाठी निवडली होती ती कमी दुधाची गावठी गाय; जातिवंत गाय भरवताना एवढे लक्षात ठेवावे.