चिमाजीअप्पा आणि वसईची २०५ वर्षं

वसईचा किल्ला पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडणार नाही. पडक्या चर्चच्या कमानीखाली काढलेला एक तरी फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतोच. २०१६ साली तर कोल्डप्लेच्या गाण्यातही हा किल्ला झळकला. पण तिथेच ज्यांचं स्मारक उभं आहे, त्या चिमाजीअप्पांबद्दल विचारलं की बाजीरावाचा भाऊ, एवढ्यावरच आपली गाडी अडते.

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा हा धाकटा मुलगा. जन्म १७०७ च्या सुमाराचा. १७२० मध्ये वडील गेले आणि ऐन विशीतला बाजीराव पेशवा झाला, तेव्हा अप्पा तेरा-चौदा वर्षांचे होते. बाजीराव घोड्यावर आणि घरचा, दरबारचा, पैशांचा व्याप अप्पांच्या गळ्यात, अशी दोघांची वाटणी पडली. म्हणून अप्पा नुसते कारभारी होते असं समजू नका! २९ नोव्हेंबर १७२८ ला माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगलांच्या गिरधर बहादूर आणि दया बहादूर या दोन्ही सरदारांना संपवलं. १७३० मध्ये मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई वारल्या. तो मुलगा म्हणजे पानिपतचा सदाशिवरावभाऊ. १७३६ मध्ये रेवसजवळ सिद्दी सात मारला गेला, ती लढाईही अप्पांचीच.

आता जरा पोर्तुगिजांकडे वळू. कारण अप्पा कुणाशी लढले हे कळल्याशिवाय वसईची लढाई कळत नाही.

पोर्तुगाल म्हणजे युरोपच्या टोकाला चिकटलेला छोटासा देश. पण सोळाव्या शतकात ब्राझीलपासून मकावपर्यंत त्यांची ठाणी होती. १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई लिहून घेतली. समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त! समुद्र काय यांच्या वडिलांचा होता? पण तोफा त्यांच्याकडे होत्या. आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून अमेरिका खंडात विकायच्या धंद्यात पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांचा वाटा सगळ्यात मोठा. शतकांचा हिशोब अंदाजे ५८ लाख माणसांचा आहे.

आपल्याकडे देवळं पाडली, हिंदूंच्या सणा-समारंभांवर बंदी आणली. १५५९ च्या कायद्याने पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्याची सोय केली. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. जे कमी ऐकलंय ते असं, की या सत्तेने स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनाही सोडलं नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालात ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं आणि १५३६ पासून ते मनातून खरे ख्रिस्ती आहेत का हे तपासायला इन्क्विझिशनचं न्यायालय बसवलं. १५६० मध्ये तेच गोव्यात आलं आणि त्याचा अंमल वसईपर्यंत होता. गार्सिया द ओर्ता हा मोठा वैद्य. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. तो स्वतः तोवर वारला होता, तर १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. १७३६ चा हुकूम तर वाचून हसावं की रडावं कळत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी धोतर नेसू नये, चोळी घालू नये, मीठ न घालता भात शिजवू नये! ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांच्याच चुलीपर्यंत सरकार पोचलं होतं.

अंजूरचे गंगाजी नाईक आणि इथली आणखी मंडळी पेशव्यांकडे खेपा घालत होती. मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या दारात असताना इकडे ठाणं मराठ्यांच्या हाती आलं. अर्नाळाही मिळाला. वसईवरचा पहिला हल्ला मात्र फसला. पुढच्या वर्षी केळवे-माहीमलाही मार बसला. शेवटी अप्पा स्वतः उतरले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडलं, मग तारापूर. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला.

सिव्हिलवाल्यांनी किल्ल्याची जागा एकदा नीट बघावी. पाणी आणि दलदल यांनी तो वेढलेला, जमिनीवरून वाट काय ती उत्तरेकडून. तिथेच मोर्चे बांधून मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे येऊन मिळाले. इंग्रज मुंबईत बसून पोर्तुगिजांना दारूगोळा देत होते आणि चर्चची चांदी तारण घेऊन कर्जही देत होते! किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तरी तोफेतून आत उडवा, असं अप्पा म्हणाल्याचं सांगतात. मे महिन्यात सुरुंग उडाले. काही उशिरा उडाले आणि वर चढणारे आपलेच लोक गेले. मेले-जखमी मिळून मराठ्यांकडचे सुमारे ५,००० झाले. १६ मे १७३९ ला तह ठरला, २३ मे रोजी किल्ला ताब्यात आला.

माझ्या मते अप्पांचा खरा मोठेपणा लढाईपेक्षा त्या तहात आहे. एवढी माणसं गमावलेल्या सेनापतीने सूड घेतला असता तर त्या काळात कुणाला नवल वाटलं नसतं. पण पोर्तुगीज फौजेला शस्त्रांसह मानाने जाऊ दिलं, रहिवाशांना सामानसुमान नेऊ दिलं आणि जे ख्रिस्ती इथेच राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. गेली ती लिस्बनची सत्ता. वाडवळी, सामवेदी बोलणारी इथली ख्रिस्ती माणसं इथलीच होती, ती राहिली. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तहाचा शब्द पुढे सगळा पाळला गेला असं मात्र नाही. चर्चच्या घंटा उतरवून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर देवळातली आणि भीमाशंकरची घंटा वसईचीच सांगतात.

अप्पांनाही देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवण्यात त्यांचा हात होता. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला गेले. अप्पांची छाती आधीपासूनच पोखरलेली, खोकला पाठ सोडत नव्हता. १७ डिसेंबर १७४० ला तेही गेले, वय जेमतेम तेहेतीस. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. मागे दहा वर्षांचा सदाशिव राहिला. पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या देवळाजवळ अप्पांची समाधी आहे. शनिवारवाडा पाहायला जाणारे आपण सगळे तिथून पाच-दहा मिनिटांवरूनच परत फिरतो.