सावेदादा

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१५ मार्च, १८६८ - २० फेब्रुवारी, १९५८) हे मुंबईतील एक व्यावसायिक छायाचित्रकार आणि भारतीय चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. इ.स. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. एखाद्या भारतीयाने केलेल्या सर्वांत आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते. भारतातील क्रीडाप्रसंगांच्या चित्रणाच्या इतिहासातही त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

== छायाचित्रण व्यवसाय ==
भाटवडेकर यांचा मुंबईत केम्प्स कॉर्नर येथे छायाचित्रणाचा स्टुडिओ होता. छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यापारही ते करीत. ७ जुलै, १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथमच झाला. तिकिटाचा दर एक रुपया होता. या चलच्चित्रांनी भाटवडेकर प्रभावित झाले आणि त्यांनी लंडनच्या रायली कंपनीकडून २१ गिनी किमतीचा कॅमेरा मागवला.

== कुस्तीचा चित्रपट ==
खेळ व शर्यती हा आरंभीच्या चलच्चित्रकारांचा आवडता विषय होता. पुण्यातील घोड्यांच्या शर्यतींचे १८९८ मधील चित्रण त्याच वर्षी मुंबईत दाखवण्यात आले. मात्र ते परदेशी खेळकर्त्यांचे होते. भाटवडेकर यांनी स्थानिक मातीतील खेळ निवडला. मलबार हिलवरील हँगिंग गार्डन येथे पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती त्यांनी चित्रित केली.

त्या काळी कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून हाताने दांडा फिरवत चित्रण करीत आणि फिल्मची लांबी जेमतेम एखाद-दोन मिनिटांची असे. शर्यतीतील घोडा काही क्षणांतच चौकटीबाहेर जातो. कुस्तीतील सारी हालचाल मात्र आखाड्याच्या मर्यादित जागेत राहते. त्यामुळे अशा कॅमेऱ्यासाठी कुस्ती हा सोयीचा विषय होता. चित्रित फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला पाठवण्यात आली. ती परत आल्यावर भाटवडेकर यांनी परदेशी चित्रपटांसोबत तिचे खेळ केले.

== इतर चित्रपट ==
त्याच सुमारास त्यांनी माकडांना शिकवणाऱ्या माणसावर एक लघुपट तयार केला. केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर, १९०१ मध्ये मायदेशी परतले. मुंबईत झालेल्या त्यांच्या स्वागताचे भाटवडेकर यांनी चित्रण केले. हा चित्रपट भारतातील पहिला वृत्तपट मानला जातो. लॉर्ड कर्झन यांनी भरवलेल्या १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही चित्रण त्यांनी केले.

== उत्तरायुष्य ==
पुढे भाटवडेकर चित्रपटनिर्मितीतून बाहेर पडले. त्यांची चित्रणसामग्री श्रीनाथ पाटणकर, करंदीकर व दिवेकर यांनी विकत घेतली. यांपैकी पाटणकर पुढे मूकपटांचे निर्माते-दिग्दर्शक झाले. भाटवडेकर यांनी मुंबईच्या गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापन पाहिले. हे नाट्यगृह पुढे कॅपिटॉल चित्रपटगृह म्हणून ओळखले गेले. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा भाटवडेकर यांच्या पहिल्या चित्रणाला सुमारे १४ वर्षे झाली होती. वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== चित्रपटांचे जतन ==
भाटवडेकर यांचे चित्रपट आज उपलब्ध नाहीत. स्थिर छायाचित्राच्या मूळ काचेवरून अनेक कागदी प्रती काढता येत. त्या घराघरांतील आल्बममध्ये टिकत. म्हणूनच जुन्या खेळांची व शर्यतींची छायाचित्रे आज संग्राहकांच्या हाती येऊ शकतात. चित्रपटाच्या प्रती मात्र मोजक्याच असत. प्रत्येक खेळात त्या झिजत आणि नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही असून काळाच्या ओघात तिचे विघटन होई. खेळ संपल्यावर जुनी फिल्म जपून ठेवण्याची व्यवस्था त्या काळी भारतात नव्हती. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये, म्हणजे भाटवडेकर यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी स्थापन झाले. परिणामी हँगिंग गार्डनमधील ती कुस्ती आज केवळ लेखी नोंदींतूनच ज्ञात आहे.