वाडवडिलांचें गाणें गाणारा मुलगा : रिची व्हॅलेन्स (१९४१–१९५९)

जयंतीच्या स्मरणिकेंत संतांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें यावीं, हें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा इतिहास केवळ वेदीजवळ घडत नाहीं. तो लग्नाच्या मांडवांत, सणाच्या मिरवणुकींत आणि संध्याकाळीं घराच्या ओट्यावरही घडत असतो. आणि तेथें गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून अशाच एका गायकाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो आपल्या देशाचा नव्हता, संत तर नव्हताच. तो अवघीं सतरा वर्षें जगला. परंतु एका प्रांतांतील गरीब लोकांनीं आपलें संगीत कसें जपलें, आणि ज्यानें तें जगापुढें नेलें त्याची आठवण कशी राखली, हें त्याच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

रिचीचें घराणें मूळचें मेक्सिकन. मेक्सिको हा देश आपणांस वाटतो तितका परका नाहीं. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मरण आलें, तेव्हां मेक्सिको शहरांत जन्मलेले संत फेलिपे दे हेसूस हेही त्यांच्या सोबतीस होते. दोघेही फ्रान्सिस्कन, आणि दोघांसही १८६२ सालीं एकाच समयीं संतपद देण्यांत आलें. सेमिनरींत हा इतिहास शिकल्यापासून मेक्सिकोचें नांव निघालें कीं आम्हांस वसईची आठवण होते. त्या हौतात्म्यानंतर दोनशे वर्षांनीं, १७९७ सालीं, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं कॅलिफोर्नियांत सान फर्नांडो नांवाचें मिशन स्थापिलें. तो मुलूख त्या वेळीं स्पेनचा होता. पुढें तो मेक्सिकोचा झाला, आणि १८४८ च्या तहानें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला. राज्यें बदललीं, तरी मिशनवरून साऱ्या खोऱ्यास पडलेलें सान फर्नांडो हें नांव कायम राहिलें. याच खोऱ्यांत, लॉस एंजेलिस शहराच्या उत्तर भागांत, पकोयमा ही वस्ती आहे.

पकोयमा ही श्रमजीवी लोकांची वस्ती. मेक्सिकन, निग्रो आणि जपानी वंशाचीं कुटुंबें तेथें शेजारीं शेजारीं राहत. कारण गोऱ्या लोकांच्या बऱ्याच वस्त्यांतून त्यांस घरें विकत मिळत नसत. याच वस्तींतल्या जोसेफ व कन्सेप्सिऑन व्हॅलेन्झुएला या दांपत्याच्या पोटीं १३ मे १९४१ रोजीं रिचर्ड स्टीव्हन याचा जन्म झाला. घरीं पैशाची नेहमींच ओढ असे, परंतु गाण्याची वाण नव्हती. मारियाची गायकांचीं जुनीं गीतें, स्पॅनिश पद्धतीचें गिटारवादन आणि शेजारच्या निग्रो लोकांचें ब्लूज संगीत हीं तिन्ही त्या मुलाच्या कानांवर एकाच वेळीं पडत होतीं. वडिलांनीं त्यास गिटार व ट्रम्पेट शिकण्यास उत्तेजन दिलें. मुलगा डावखुरा, तथापि उजव्या हाताची गिटार तो उजव्या हातानेंच वाजवावयास शिकला. तो दहा-अकरा वर्षांचा असतां वडील निवर्तले, आणि संसाराचा भार आईवर पडला.

३१ जानेवारी १९५७ हा दिवस पकोयमाचे लोक विसरले नाहींत. त्या दिवशीं वस्तीवरील आकाशांत दोन विमानांची टक्कर होऊन त्यांतील एकाचे अवशेष रिचीच्या शाळेच्या पटांगणावर कोसळले. विमानांतील माणसांबरोबर शाळेंतील तीन मुलेंही प्राणांस मुकलीं, आणि कितीएक जखमी झालीं. रिची त्या दिवशीं आपल्या आजोबांच्या अंत्यविधीस गेल्यामुळें शाळेंत नव्हता. तो वांचला, परंतु विमानाची धास्ती त्याच्या मनांत कायमची बसली. त्या प्रसंगाचीं भीतिदायक स्वप्नें त्यास पुढेंही पडत असत.

त्याच वर्षाच्या अखेरीस तो ‘सिल्हूएट्स’ नांवाच्या एका स्थानिक बँडमध्यें गिटार वाजवूं लागला. त्या बँडमध्यें निरनिराळ्या वंशांचीं मुलें होतीं, म्हणजे तो पकोयमाचाच एक लहानसा नमुना होता. घराच्या कर्जाचा हप्ता थकला, तेव्हां आईनें घरांत उरलेले पैसे खर्चून सभागृह भाड्यानें घेतलें व मुलाच्या नाचगाण्याचा जलसा ठेविला. वस्तींतील लोक तिकिटें काढून आले, आणि हप्ता फिटला. रिचीस पहिला आश्रय दिला तो असा त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं. मोठ्या पेढ्यांचीं दारें त्यानंतर उघडलीं.

मे १९५८ मध्यें ‘डेल-फाय’ या लहानशा ध्वनिमुद्रण कंपनीचे चालक बॉब कीन यांनीं रिचीचें गाणें ऐकलें व त्याच महिन्यांत त्याच्याशीं करार केला. व्हॅलेन्झुएला हें आडनांव ऐकून रेडिओवाले तबकडी बाजूस ठेवतील, असें कीन यांस वाटलें. म्हणून रिचर्ड व्हॅलेन्झुएला याचा रिची व्हॅलेन्स झाला. त्या काळीं परक्या वंशाच्या अनेक कलावंतांस असें आपलें नांव कापून घ्यावें लागे. उपजीविकेसाठीं नांव टाकावें लागणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती एका सतरा वर्षांच्या मुलावर आली, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. हॉलिवूडमधील गोल्ड स्टार या ध्वनिमुद्रणगृहांत त्याचें पहिलें गाणें मुद्रित झालें. त्यास बरें यश आलें. त्यानंतर एका शाळासोबतिणीवर त्यानें रचलेलें ‘डोना’ हें गीत निघालें, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ‘ला बाम्बा’ घालण्यांत आलें.

या दुसऱ्या बाजूवरील गाण्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. ‘ला बाम्बा’ हें कोणा एकाचें गीत नव्हे. मेक्सिकोच्या आखातावरील व्हेराक्रुझ प्रांतांत ‘सोन हारोचो’ नांवाचा लोकसंगीताचा प्रकार आहे. स्पॅनिश, मूळ रहिवासी आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन अशा तीन लोकांच्या मिश्रणांतून तो निर्माण झाला. त्यांत वीणेसारखी उभी हार्प असते, तसेंच ‘हाराना’ व ‘रेकिन्तो’ हीं गिटारच्या जातीचीं लहान वाद्यें असतात. गाणारे जुन्या चरणांत नवे चरण तेथल्या तेथें जुळवून गातात, आणि लाकडी फळीवर पावलांचा ठेका धरला जातो. ‘ला बाम्बा’ तेथें लग्नांत गातात. एक लांब फीत जमिनीवर ठेवून नाचणारें जोडपें हात न लावतां, केवळ पावलांनीं, तिची गांठ बांधतें. दोघांच्या आयुष्याची ती गांठ, असा त्याचा भाव.

असें हें लग्नाचें गाणें रॉक अँड रोलच्या चालीवर म्हणावें, ही सूचना कीन यांची. रिची प्रथम कचरला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आपल्या लोकांचें गाणें नाचघरांच्या बाजारांत नेणें त्यास प्रशस्त वाटेना. दुसरी अडचण भाषेची होती. घरांत इंग्रजी अधिक चाले, आणि स्पॅनिश भाषा त्यास नीटशी येत नव्हती. पुष्कळ विचारानंतर तो तयार झाला. मावशीच्या मदतीनें त्यानें शब्द पाठ केले, आणि गाणें स्पॅनिशमध्येंच गाइलें. मुद्रणाच्या वेळीं ड्रमवर अर्ल पामर, गिटारवर कॅरोल के व बास गिटारवर रेने हॉल असे कसलेले वादक साथीस होते. वाद्यें नवीं, ठेका नवा, पण शब्द व सूर जुनेच राहिले. इंग्रजी शब्द घातले असते तर रेडिओवाल्यांस बरें वाटलें असतें. तसें त्यानें केलें नाहीं. आडनांवाच्या बाबतींत जी तडजोड करावी लागली, ती त्यानें गाण्याच्या बाबतींत केली नाहीं. त्याच्या चरित्रांतील हीच गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

दोन्ही गाणीं गाजलीं. ‘डोना’ अमेरिकेच्या यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें, ‘ला बाम्बा’ बाविसाव्यापर्यंत गेलें. रिचीनें शाळा सोडली, दूरचित्रवाणीवर व न्यू यॉर्कच्या नाट्यगृहांत तो गाइला, आणि मिळकतींतून आईसाठीं घर घेतलें. कीर्ति आली तरी वस्तीशीं त्याचें नातें तुटलें नाहीं. डिसेंबर १९५८ मध्यें तो पकोयमाच्या आपल्या जुन्या शाळेंत जाऊन मुलांपुढें गाइला. ज्या पटांगणावर विमान कोसळलें होतें तीच ही शाळा. त्या गायनाचें मुद्रण १९६० सालीं प्रसिद्ध झालें. तें आजही ऐकावयास मिळतें.

जानेवारी १९५९ मध्यें बडी हॉली, जे. पी. रिचर्डसन वगैरे गायकांबरोबर तो अमेरिकेच्या मध्यभागांतील राज्यांच्या दौऱ्यावर निघाला. कडाक्याचा हिवाळा, रोज नवें गांव, आणि वारंवार बंद पडणारी बस. बसमध्यें ऊब देणारें यंत्रही नीट चालेना. एका वादकाचे पाय हिमबाधेनें जखडून त्यास इस्पितळांत ठेवावें लागलें. २ फेब्रुवारीस आयोवा राज्यांतील क्लिअर लेक येथें कार्यक्रम झाल्यावर हॉली यांनीं पुढील मुक्कामास जाण्यासाठीं एक लहान विमान ठरविलें. त्यांतील एका जागेसाठीं रिची व हॉली यांचे गिटारवादक टॉमी ऑलसप यांच्यामध्यें नाणें उडविण्यांत आलें, आणि कौल रिचीच्या बाजूनें पडला. ज्यास विमानाची धास्ती, तोच थंडीला कंटाळून विमानांत बसला. ३ फेब्रुवारीच्या पहाटेपूर्वीं, एक वाजण्याच्या सुमारास, उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत विमान एका शेतांत कोसळलें. तिघे गायक व एकवीस वर्षांचा वैमानिक, चौघेही जागींच मरण पावले. रिचीस अठरावें वर्ष लागलें होतें, परंतु पुरें झालें नव्हतें. पहिली तबकडी निघाल्यापासून वर्षही लोटलें नव्हतें.

त्याचा देह सान फर्नांडो मिशनजवळील कॅथलिक दफनभूमींत ठेवण्यांत आला. १९८७ सालीं आई वारली, तिलाही त्याच्याच शेजारीं विसावा मिळाला.

पुढें त्याचा मान कसा राखला गेला, तें पाहूं. पकोयमांतील एका उद्यानास त्याचें नांव दिलेलें आहे, आणि वस्तींतल्या भिंतींवर चित्रकारांनीं त्याचीं मोठीं चित्रें रंगविलीं आहेत. खोऱ्यांतून जाणाऱ्या राजमार्गाच्या एका भागास २०१८ सालीं त्याचें नांव मिळालें. राष्ट्रानेंही त्याची दखल घेतली: १९९३ सालीं त्याच्या चित्राचें टपालतिकीट निघालें, २००१ सालीं रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव दाखल झालें, आणि काँग्रेसच्या ग्रंथालयानें ‘ला बाम्बा’ जतन करण्याजोग्या मुद्रणांच्या यादींत घातलें.

तथापि या सर्वांपेक्षां मोठा मान आम्हांस निराळाच वाटतो. ‘लॉस लोबोस’ हा पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तींतील बँड. त्यांतील तरुण रॉक संगीत वाजवीत असतां आपल्या वडीलधाऱ्यांच्या गाण्यांकडे वळले, जुनीं वाद्यें शिकले, आणि कितीएक वर्षें लग्नासमारंभांत तींच वाजवीत राहिले. १९८७ सालीं रिचीच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हां ‘ला बाम्बा’ गाण्याचें काम त्यांच्याकडे आलें. त्यांचें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. पूर्णपणें स्पॅनिश भाषेंतील गीतास तो क्रमांक तेथें पूर्वीं मिळाला नव्हता. गाण्याच्या शेवटीं विजेच्या गिटारी थांबतात आणि व्हेराक्रुझचीं जुनीं तंतुवाद्यें ऐकूं येतात. रिचीनें जुनें गाणें नव्या वाद्यांवर नेलें होतें. या तरुणांनीं तें पुन्हां जुन्या वाद्यांपाशीं आणून पोंचविलें.

वाचकहो, आपल्याकडेही तरुण मुलें गिटार घेऊन बसतात, आणि वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. गिटारीचा दोष नाहीं. प्रश्न इतकाच, कीं त्या गिटारीवर आपल्या आज्यांचीं गाणीं कधीं वाजतात कीं नाहीं. सामवेदी व वाडवळी बोलींतील लग्नगीतें ज्यांच्या तोंडीं आहेत, त्या बायका आतां थकत चालल्या आहेत. त्या बोली सर्व मुलांस येतात असेंही नाहीं. रिचीसही आपल्या लोकांची भाषा येत नव्हती. त्यानें मावशीस विचारलें, आणि शिकला. जयंतीच्या या वर्षांत प्रत्येक घरांतील एका तरी मुलानें आपल्या आजीजवळ बसून एक तरी गाणें मुखोद्गत करावें, अशी आमची सर्व कुटुंबांस विनंति आहे. दगडी स्मारकें सवडीनें होतील. आजीची सवड मात्र आजची आहे.

रिचीच्या व त्याच्याबरोबर गेलेल्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि आपल्या धर्मग्रामांतील सर्व दिवंगत गायक-वादकांसही देवो.