क्लायंबिंग जिममधला कॅम्पस बोर्ड आला कुठून? वोल्फगांग ग्युलिखची गोष्ट

क्लायंबिंग जिममध्ये गेलात तर पुढे झुकलेली एक फळी दिसते. तिच्यावर शिडीसारख्या आडव्या लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात. पाय न टेकता, फक्त बोटांच्या जोरावर वर जायचं. हाच कॅम्पस बोर्ड. तो जगाला दिला जर्मन प्रस्तरारोहक वोल्फगांग ग्युलिखने.

बोटांवर सगळा खेळ

ग्युलिखचा जन्म १९६० साली लुडविग्सहाफेनचा. तो सुरुवातीला जवळच्या वालुकाश्मांच्या कड्यांवर चढायला शिकला. पुढे न्यूरेंबर्गजवळच्या फ्रँकेनयुरा भागात राहायला गेला. तिथल्या चुनखडीच्या कड्यांना छोटी भोकं असतात. काहींत जेमतेम एक-दोन बोटं मावतात.

१९८४, १९८५ आणि १९८७ मध्ये त्याने एकापाठोपाठ एक असे जगातले त्या वेळचे सर्वांत अवघड मार्ग सर केले. १९८५ चा मार्ग तर थेट ऑस्ट्रेलियातला होता.

फळीचा जन्म

पुलअप्स मारून दंड भरतात. पण झेप घेतल्यावर त्याच क्षणी पकड घट्ट बसवायची, तर बोटं तयार हवीत. म्हणून १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस सेंटर' जिममध्ये त्याने हा बोर्ड उभारला. नाव जिमवरूनच पडलं.

१९९१ मध्ये त्याने फ्रँकेनयुरातला 'अॅक्शन डिरेक्ट' हा मार्ग पूर्ण केला. सुरुवातच दोन बोटांच्या भोकाकडे झेप घेऊन! ९ए दर्जाचा हा जगातला पहिला मार्ग मानला जातो.

बोर्ड वापरताना हे विसरू नका

ग्युलिख बोर्डकडे वळला तो कित्येक वर्षं कड्यांवर चढून झाल्यावर. नवख्यांनी त्याची नक्कल केली तर बोटांचे स्नायुबंध दुखावतात. वाढत्या वयातल्या मुलांच्या बोटांची हाडं अजून पक्की झालेली नसतात. त्यांनी या फळीपासून लांबच राहावं.

घरी बोर्ड बसवायचा असेल तर चौकट मजबूत भिंतीला किंवा तुळईला पक्की करा. पट्ट्यांच्या कडा गोल घासून घ्या, नाहीतर कातडी सोलते. पट्ट्यांमधलं अंतर सारखं ठेवा. दर काही दिवसांनी स्क्रू तपासा, कारण हलणारी पट्टी हातातून निसटते. खाली जाड गादी हवीच. आधी शरीर नीट गरम करा आणि बोट दुखलं की तिथेच थांबा.

अवघी ३१ वर्षं

'क्लिफहँगर' या हॉलिवूडपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा स्टंट डबल म्हणून ग्युलिखने काम केलं. पण चित्रपट १९९३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा तो हयात नव्हता. ऑगस्ट १९९२ मध्ये जर्मनीतल्या महामार्गावर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि ३१ ऑगस्टला त्याचा मृत्यू झाला.

दोराशिवायही कडे चढणारा हा माणूस कड्यावरून कोसळून गेला नाही. त्याची फळी मात्र आज जगभरातल्या जिममध्ये आहे.